महिन्याची 20 तारीख आणि पाऊण तासाचा कॉल

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. वय 34, राहणं फोंड्याजवळ, नोकरी वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीत, अकाउंट्समध्ये. रविवारची संध्याकाळ झाली की छातीत दडपण, पहाटे तीनला जाग, मग उजाडेपर्यंत डोक्यात आकडे. घरी सासू-सासरे, सहा वर्षांचा मुलगा, नवरा शिफ्टमध्ये. कंपनीने कर्मचाऱ्यांसाठी मोफत समुपदेशनाचं अॅप दिलं आहे. आणि शेवटी तुम्ही विचारलंय: "ऑनलाइन थेरपीने कामाचा ताण खरंच कमी होतो की नुसता वेळ आणि पैसा जातो? आणि घरी किंवा ऑफिसात कळलं तर?"

होय, कमी होऊ शकतो. सौम्य ते मध्यम चिंता आणि नैराश्य यांवर व्हिडिओ कॉलवरून केलेली सीबीटी, म्हणजे विचारांच्या आणि वागण्याच्या सवयी तपासून बदलण्याची उपचारपद्धत, समोरासमोर बसून केलेल्या उपचारांच्या जवळपास तितकीच उपयोगी पडते, हे बऱ्याच अभ्यासांत दिसून आलं आहे. मी म्हापशाला 17 वर्षं क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करते. मार्च 2020 पर्यंत एकही सेशन फोनवरून घेतलं नव्हतं. आज निम्मी सेशन्स तशीच होतात, आणि सुधारणेत मला मोठा फरक दिसत नाही. पण तुमच्या बाबतीत ऑनलाइन की समोरासमोर हा खरा पेच नाही. पेच दोन आहेत. तुमच्या ताणातला किती भाग मनाच्या सवयींचा आणि किती कामाच्या मांडणीचा, हा पहिला. आणि भरल्या घरात पाऊण तास मोकळेपणी बोलायला तुम्ही बसणार कुठे, हा दुसरा.

त्याआधी एक काम करा. छातीतलं दडपण आणि मोडलेली झोप ताणामुळेच आहे असं स्वतः ठरवू नका. फॅमिली डॉक्टरकडे जाऊन ईसीजी, हिमोग्लोबिन आणि थायरॉइड एकदा बघून घ्या. थायरॉइडचं प्रमाण वाढलेलं असलं तरी धडधडतं, रक्त कमी असलं तरी धाप लागते. मी पहिल्या सेशनलाच हे विचारते आणि तपासणी झाली नसेल तर आधी तिकडे पाठवते.

आता पहिला पेच. 1979 मध्ये रॉबर्ट कॅरासेक या अमेरिकी संशोधकाने कामाच्या ताणाची एक साधी मांडणी केली, ती मी अजून रोज वापरते. काम खूप असणं एवढ्यानेच माणूस खचत नाही. काम खूप आणि ते कधी, कसं, कोणत्या क्रमाने करायचं यावर आपला ताबा काहीच नाही, अशी जोडी जमली की खचतो. तुमचं कामच बघा. 7 तारखेपर्यंत टीडीएस, म्हणजे कापून घेतलेला कर, भरायचा, मग 11 ला जीएसटीआर-1 आणि 20 ला 3बी ही जीएसटीची विवरणपत्रं. या तारखा तुम्ही ठरवलेल्या नाहीत, त्या हलणारही नाहीत. त्यात सेल्सवाले बिलं 10 तारखेच्या रात्री पाठवतात. म्हणजे जबाबदारी तुमची आणि किल्ली दुसऱ्याच्या हातात. अशा जागी बसलेल्या बाईला पहाटे तीनला जाग येते, यात तिच्या मनाचा दुबळेपणा कुठेच नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये आयसीडी-11 या आजारांच्या वर्गीकरणात बर्नआउटची नोंद केली ती आजार म्हणून नव्हे, कामाशी निगडित स्थिती म्हणून. अंगातलं त्राण संपणं, कामाबद्दल मन उडणं किंवा कडवट होणं, आणि आपल्याकडून काही धड होत नाही असं वाटणं, ही तिची तीन लक्षणं. व्याख्येतच म्हटलंय की कामाच्या ठिकाणचा दीर्घकाळचा ताण नीट हाताळला न गेल्यामुळे हे होतं. हाताळायची जबाबदारी एकट्या कर्मचाऱ्याची आहे असं तिथे कुठेही म्हटलेलं नाही.

हे मी आग्रहाने सांगते, कारण सुरुवातीच्या वर्षांत माझ्याकडून एक चूक झाली. एका ऑफिसातला तरुण माझ्याकडे येत होता. त्याचा वरिष्ठ रोज सगळ्यांसमोर त्याच्यावर ओरडायचा. मी त्याला श्वसनाचे व्यायाम शिकवले, स्नायू सैल सोडायला शिकवलं, विचार तपासायला शिकवलं. तो मेहनती होता, सगळं शिकला. चार महिन्यांनी म्हणाला, "मॅडम, आता ते ओरडतात तेव्हा मला काहीच वाटत नाही." मला बरं वाटलं होतं. मग कळलं, त्याला घरी मुलगी रांगत आली तरी काही वाटत नव्हतं. जे बदलायला किंवा सोडायला हवं होतं ते सोसायची ताकद मी त्याला देत बसले होते. तेव्हापासून पहिल्या दोन सेशन्समध्ये मी कुठलंही तंत्र शिकवत नाही. एक कागद, मधे उभी रेघ. डावीकडे, उद्या बॉस देवमाणूस झाला तरी माझ्या सवयीमुळे उरेल तो त्रास. उजवीकडे, मी कितीही शांत झाले तरी ऑफिसात तसाच राहील तो त्रास.

थेरपी डावीकडच्या रकान्यावर थेट काम करते. उजवीकडच्यासाठी ती फक्त तुम्हाला तयार करते: काय मागायचं, कोणाकडे, कोणत्या शब्दांत, आणि नाही मिळालं तर पुढे काय. एकाच्या बाबतीत सोबतचा माणूस नोकरी सोडून गेला होता आणि आठ महिने ती जागा भरलीच नव्हती. तीन सेशन्स आम्ही फक्त त्याच्या कामांची तासांसकट यादी करण्यात घालवली. ती यादी घेऊन तो वरिष्ठांकडे गेला. दोन कामं कमी झाली, बाकीची राहिली. पाच महिन्यांनी त्याने नोकरी बदलली. ही थेरपी यशस्वी झाली असं मी मानते. आणि उजव्या रकान्यात अंगचटीला येणं, अश्लील बोलणं असं काही असेल तर तो विषय ताणाचा नाही. महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्यानुसार दहा किंवा अधिक माणसं असलेल्या प्रत्येक कामाच्या ठिकाणी तक्रार समिती असायलाच हवी, आणि तक्रार साधारणपणे तीन महिन्यांच्या आत द्यायची असते.

डावीकडे काय निघतं, हे माणसागणिक वेगळं. अकाउंट्सच्या माणसांत मला एक गोष्ट वारंवार दिसते. एक रुपया जुळला नाही तर ताळेबंद जुळत नाही, ही कामाची गरज हळूहळू जगण्याचा नियम होऊन बसते. मुलाच्या डब्यात चमचा राहिला तरी तेवढीच धडकी भरते. तिथे सीबीटी चांगली चालते. पणजीत पाटोवरच्या एका ऑफिसातल्या मुलाची खात्री होती की रात्री ग्रुपवर लगेच उत्तर दिलं नाही तर अप्रेझलला फटका बसणार. त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. आम्ही प्रयोग ठरवला: दोन आठवडे रात्री साडेआठनंतरच्या मेसेजना सकाळी आठला उत्तर, फोन आला तर मात्र उचलायचा. कोणत्या मेसेजचं पुढे काय झालं ते वहीत लिहायचं. खरोखर तातडीचे प्रसंग दोनच निघाले, आणि दोन्ही वेळा फोनच आला होता. मी दहादा समजूत घालून जे झालं नसतं ते त्याच्याच वहीने केलं. अर्थात सगळीकडे असंच होईल असं नाही. काही ठिकाणी खरोखरच अप्रेझलला फटका बसतो. पण मग ती नोंद उजव्या रकान्यात जाते, आणि निदान आपण कशाशी झगडतोय हे कळतं.

आता पहाटे तीनला जाग येते त्याबद्दल. बिछान्यात पडून आकडे मोजत राहिलात तर मेंदू शिकतो की बिछाना ही हिशेब करायची जागा आहे. वीसेक मिनिटांत झोप येत नसेल तर उठून दुसऱ्या खोलीत मंद उजेडात बसा, डोळे जडावले की परत या. आणि संध्याकाळी रोज ठरावीक वेळी पंधरा-वीस मिनिटं काळजी करायला राखून ठेवा. वहीत लिहून काढा: या काळजीचं उद्या काही करता येईल का? येत असेल तर पुढचं पाऊल कोणतं? पहाटे तोच विचार आला की त्याला सांगायचं, तुझी वेळ संध्याकाळी साडेसहाची. पहिले आठ-दहा दिवस हे बालिश वाटतं. तरी करा. मधल्या काळात कोणाच्या सांगण्यावरून झोपेची गोळी मात्र सुरू करू नका. गोळीचा निर्णय मानसोपचारतज्ज्ञाचा. माझ्यासारख्या सायकॉलॉजिस्टनेही गोळी लिहून द्यायची नसते.

तुम्ही जाता जाता एक वाक्य लिहिलंय, "पूर्वी देवळातल्या भजनाला जायचे, आता दोन वर्षं गेले नाही." माझ्या मते तुमच्या प्रश्नातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य ते आहे. ताण वाढला की माणूस आधी आवडीच्या गोष्टी सोडतो, कारण त्या न केल्याने कोणी रागावत नाही. मग दिवसात उरतं फक्त कर्तव्य. हे उलटं फिरवण्याची पद्धत आपल्या गोव्यातच नीट तपासली गेली आहे. 'संगत' या संस्थेने इथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीव्र नैराश्याच्या रुग्णांवर सहा ते आठ सेशन्सचा उपचार करून पाहिला. तो देणारे डॉक्टर किंवा सायकॉलॉजिस्ट नव्हते, प्रशिक्षण दिलेली साधी माणसं होती. भर होता तो मन बरं होण्याची वाट न बघता आधी छोटी, अर्थ असलेली कृती सुरू करण्यावर. त्याचे चांगले निष्कर्ष 2017 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. ते रुग्ण तुमच्यापेक्षा जास्त आजारी होते आणि भेटी समोरासमोर होत्या, त्यामुळे ते जसंच्या तसं तुम्हाला लावत नाही. पण इलाजाचा गाभा ऑनलाइनही तोच राहतो. मी तुमची थेरपिस्ट असते तर श्वसनाआधी भजन लावलं असतं. महिन्यातून दोनदा, अर्धा तास, मागे बसून टाळ वाजवला तरी चालेल.

आता दुसरा पेच, जागेचा. ऑनलाइन थेरपी अर्ध्यावर सुटते तेव्हा कारण बहुतेकदा उपचारात नसतं, जागेत असतं. सासूबाई चहा घेऊन आत आल्या की बोलणारीचा आवाज बदलतो, हे मी स्क्रीनवर शेकडो वेळा पाहिलंय. एक बाई गच्चीवर बसून बोलायची. जूनमध्ये पत्र्यावर पाऊस सुरू झाला आणि तिचं एक अक्षर ऐकू येईना, सप्टेंबरपर्यंत सेशन्स बंद. एक जण घराबाहेर गाडी उभी करून बोलतो, हे बऱ्यापैकी चालतं. काचा वर, फोन डॅशबोर्डवर टेकवलेला, गाडी पूर्ण थांबलेली. आत सत्तरी तालुक्यातल्या एका मुलीकडे व्हिडिओ टिकत नाही, तिच्याशी मी फोनवरच बोलते, आणि चेहरा दिसत नाही म्हणून जास्त वेळा विचारते, "आत्ता गप्प का झालात?"

तुमच्यासाठी मला सुचतं ते असं. ऑफिस सुटल्यावर तुम्ही लोटलीवरून बोरीच्या पुलाकडे येता असं लिहिलंय. वाटेत एखाद्या मैत्रिणीचं किंवा बहिणीचं घर असेल तर आठवड्यातून एकदा तिची खोली मागा. ते नसेल तर घरी, मूल ट्यूशनला गेल्यावर, दाराबाहेर पंखा किंवा रेडिओ लावून, इअरफोन घालून. इअरफोनमुळे निम्मंच संभाषण बाहेर जातं, हेही लक्षात घ्या: तुमचे शब्द ऐकू येणारच. म्हणून माझ्याकडच्या काही जणी नावांऐवजी खुणेचे शब्द वापरतात आणि फार नाजूक गोष्ट चॅटमध्ये टाइप करतात. घरी सांगायचं का, हे तुमच्या घरावर अवलंबून आहे. सगळं सांगायची गरज नाही, पण खोटं बोलू नका; लपवण्याचा ताण वर बसतो. "झोप लागत नाही म्हणून एका डॉक्टरबाईंशी बोलतेय, गुरुवारी पाऊण तास मला हाक मारू नका," एवढं सांगून बऱ्याच घरांत भागतं. नवऱ्याला मात्र विश्वासात घ्या असं मी म्हणेन. त्याची शिफ्ट आणि तुमची वेळ जुळवायची आहेच.

भाषेबद्दलही बोलायला हवं, कारण अॅपवर याचा विचार कोणी करत नाही. आपल्यातले कितीतरी जण घरी कोकणी बोलतात, वाचतात-लिहितात मराठी आणि ऑफिसचं सगळं इंग्रजीत. एक बाई चार सेशन्स इंग्रजीतून ऑफिसबद्दल बोलत होती. सगळं मुद्देसूद, एखाद्या रिपोर्टसारखं. पाचव्या वेळी मी कोकणीतून विचारलं आणि ती म्हणाली, "म्हाका पुरो जालां." म्हणजे, मला आता पुरे झालं. मग दहा मिनिटं तिला बोलता आलं नाही. त्या दिवशी खरी सुरुवात झाली. म्हणून थेरपिस्ट निवडताना तो कुठल्या शहरात बसतो हे गौण धरा. तुमचं रडणं ज्या भाषेत येतं ती त्याला कळते का, हे आधी विचारा. शिवाय "गोंयांत कसलें टेन्शन?" असं हसत म्हणणारी माणसं आपल्याला रोज भेटतात. बाहेरच्या थेरपिस्टच्या डोक्यातही तेच सुट्टीचं चित्र असू शकतं. त्याला वेर्ण्याची शिफ्ट आणि चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आदल्या आठवड्यातलं हिशेबांचं क्लोजिंग समजावून सांगावं लागेल.

कंपनीच्या अॅपबद्दल माझं मत सावध आहे. मोफत मिळणारी तीन-चार सेशन्स जरूर वापरा, पण आधी अटी वाचा. अशा योजनांत साधारणपणे कंपनीला फक्त किती जणांनी सेवा वापरली एवढा आकडा जातो, नावं जात नाहीत. तसं तिथे स्पष्ट लिहिलेलं असलं पाहिजे. नोंदणी स्वतःच्या खासगी ईमेलवरून करा. ऑफिसचा लॅपटॉप, ऑफिसचं वायफाय, ऑफिसचं कॅलेंडर वापरू नका. आणि उजव्या रकान्यात तुमचा थेट वरिष्ठ असेल तर पुढची सेशन्स स्वतःच्या खर्चाने बाहेर घ्या. कायदेशीर भीती बाळगू नका. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने गोपनीयतेचा हक्क दिला आहे, आणि जीव धोक्यात असण्यासारखे मोजके अपवाद सोडले तर थेरपिस्टने तुमची माहिती कोणालाही द्यायची नसते. पण मालकाने पैसे दिलेत ही जाणीव असली की माणूस हातचं राखून बोलतो, आणि राखून बोललं की थेरपी होत नाही. नुसते व्हिडिओ आणि प्रश्नावल्या देणारी, माणूसच नसलेली अॅप्स बहुतेक जण अर्ध्यावर सोडतात. पाठपुरावा करणारा कोणी असेल तरच ती टिकतात.

बाहेर शोधताना शिक्षण विचारायला लाजू नका. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते, तो क्रमांक मागा. एमए झालेले समुपदेशकही कामाच्या ताणावर उत्तम काम करतात, पण ते कोणाच्या देखरेखीखाली शिकले ते विचारा. 'कोच' किंवा 'हीलर' एवढंच लिहिलेलं असेल तर मी जाणार नाही. फी आणि सेशन रद्द केल्यास काय, हे आधीच ठरवा. आणि एक प्रश्न नक्की विचारा: "मला फरक पडतोय हे आपण कशावरून ओळखायचं?" ज्याच्याकडे याचं उत्तर आहे तो तुमचा वेळ वाया घालवणार नाही. मी चौथ्या सेशनला थांबून हिशेब घेते: आठवड्यात किती रात्री सलग झोप लागली, रविवारची संध्याकाळ कशी गेली. काहीच हललं नसेल तर पद्धत बदलते किंवा दुसऱ्याकडे पाठवते. कामाच्या ताणासाठी बहुतेकांना सहा ते दहा सेशन्स लागतात. महिनोन् महिने चालू राहिलं आणि कशासाठी ते दोघांनाही सांगता येत नसेल, तर थांबायला हवं.

काही वेळा ऑनलाइनवर विसंबायचं नाही. जगून काय करायचं असे विचार येत असतील, ताण उतरवायला रोज दारू लागत असेल, किंवा घरात मारहाण असेल आणि बोलणं ऐकलं जात असेल, तर समोरासमोर भेटा. बांबोळीला मनोविकार आणि मानवी वर्तन संस्था आहे, आयपीएचबी म्हणतात ती. सरकारी आहे, तिथे जाण्यात कमीपणा नाही. मध्यरात्री कोणाशी बोलायची वेळ आली तर टेलिमानसचा 14416 हा क्रमांक चोवीस तास मोफत चालतो. ऑक्टोबर 2022 पासून ही केंद्र सरकारची सेवा आहे. तुमच्या लिहिण्यात मला असं काही दिसलं नाही, पण लिहिण्यात सगळं येत नाही, म्हणून सांगून ठेवते.

पहिलं सेशन 21 तारखेनंतरच्या आठवड्यात घ्या, तेव्हा तुम्हाला विचार करायला उसंत असेल. दुसरं मात्र मुद्दाम 8 ते 11 च्या दरम्यान ठेवा, जेव्हा "या आठवड्यात नको" असं तुम्हाला हमखास वाटेल. ताण अंगात असताना जे दिसतं ते नंतर आठवून सांगता येत नाही. आणि सुरुवातीला "मला खूप स्ट्रेस आहे" असं म्हणण्याऐवजी गेल्या रविवारी संध्याकाळी सहापासून झोपेपर्यंत काय काय झालं ते सांगा. फोन कितीदा बघितलात, मुलावर कशावरून ओरडलात, दडपण नेमकं किती वाजता सुरू झालं. बाकीचं तिथून पुढे काढणं आमचं काम.